गाईचं हाड

प्रिय इफोनीताई,

तुझी कंबर आता बरी असेल, असं धरून लिहितो. मी ठीक आहे. खोकला जुनाच, काळजी करू नकोस. आजारी बोकडाचं काय झालं?

शाळेची मात्र किळस आली. नव्या मोठ्या गुरुजींनी जुना नियम पुन्हा काढलाय. जो फ्रेंच सोडून आपली क्रेयोल बोली बोलेल, त्याच्या गळ्यात गाईचं हाड. दुसरा कुणी बोलताना पकडून दिला, तरच ते उतरतं. पोरं दिवसभर एकमेकांवर पाळत ठेवतात.

काल माझ्या वर्गात रोझनीच्या पाठीवर विंचू चढला. मागच्या मुलीने पाहिला, पण ती गप्प राहिली. विंचवाने डंख मारला. मी ओरडलो, "अगं, सांगायचं नाही का?"

"त्याचं फ्रेंच नाव मला येत नाही, मास्तर," ती रडत म्हणाली.

लगेच हाडवाला पोरगा उड्या मारायला लागला, "क्रेयोल बोलली! क्रेयोल बोलली!"

रोझनी आता बरी आहे. ते हाड मी संडासात फेकलं.

"अडाणी म्हाताऱ्या, तुला तरी फ्रेंच कुठं येतं?" गुरुजी म्हणाले. खरंच आहे, चार इयत्ता शिकलेला मी.

उद्या सर्वांसमोर फ्रेंचमध्ये माफी मागायची आहे. माझ्याच्याने ती कुठल्याच भाषेत मागवणार नाही. तेव्हा माझी खाट काढून ठेव.

तुझा धाकटा,
मेरिलुस