पाटावर मावणारे लॅपटॉप

मु. पार्से, पेडणे
दसऱ्यानंतरचा सोमवार

चि. गौरेश यास,

गोकुळदासमामाचे आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? फोंड्याच्या दुकानात दिवसभर उभा असतोस, अधूनमधून बसत जा. माझे गुडघे दुखतात, पण हे पत्र गुडघ्यांबद्दल नाही. तू आमच्या वाड्यावर घरोघर जे स्वस्तातले टीचभर लॅपटॉप विकलेस, त्यांच्याबद्दल आहे.

आमचा मुलगा सगुण बोटीवर नोकरीला लागला तेव्हा त्याने घरी मोठा कंप्युटर घेतला, हे तुला आठवत असेल. (त्याच्या मापाचे टेबल सुताराकडून करून घ्यावे लागले.) मला तो चालवता येत नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तर रजेवर नसत तेव्हा. चालवायची सून समीक्षा, पण बटण दाबायचा मान माझा. विजेचे बिल, पोरांचा निकाल, पंचायतीचा अर्ज, होणाऱ्या जावयाचा फोटो, काहीही असो, सगळा वाडा आमच्या पडवीवर. कोणाचे जुळते आहे आणि कोणाचे फिसकटते आहे, मला घरबसल्या कळायचे. तुझी विमलामामी चहा करून वैतागायची (आणि कोणी आले नाही तर त्याहून जास्त).

मग तुझा माल आला. मोबाइलच्या किमतीत लॅपटॉप मिळायला लागल्यावर माणसे थांबतात होय? पहिला घेतला शेजारच्या बाबलीने. मी त्याला बजावले, हे खेळणे आहे, पावसाळ्यात बुरशी धरेल. तर म्हणतो कसा, "बाब, तुमचो हलवूक चार माणसां लागतत. माझो पिशयेत रवता." मागोमाग शेवंतीने घेतला. ती तो बाजारच्या पिशवीत शेवग्याच्या शेंगांखाली घालून हिंडवते. (तरी बिघडत नाही, हे आणखी वाईट.) म्हापशाचा दुरुस्तीवाला सांगतो, मोठ्याचे सुटे भाग आता ठेवतच नाही, गिऱ्हाईक कुठे आहे? शेवटी समीक्षानेही एक आणला. आमच्या मोठ्यावर भरतकामाचा रुमाल पडला आणि पडवीवर उरलो मी आणि मांजर.

नवरात्रात सरस्वतीपुढे पाटावर पुस्तके मांडायचे काम माझे. समीक्षाचा लॅपटॉप वहीसारखा पातळ, म्हणून मी तो पोथीवर ठेवला, हळदकुंकू वाहिले, वर झेंडू. दुसऱ्या दिवशी तिचे कसलेसे ऑफिसचे काम अडले. पण पाटावर ठेवलेली विद्या दसऱ्याला विसर्जन होईपर्यंत उघडायची नसते. मी हात लावू दिला नाही. ती म्हणाली, "मामंजी, ही विद्या नव्हे, माझी नोकरी आहे." मी ऐकत नाही म्हटल्यावर रुमाल काढून मोठ्यावरच कामाला बसली.

तेवढ्यात बाबली दारात. त्याचा लॅपटॉप त्याच्या आईने पाटावर ठेवला होता. मग शेवंती आली, मग उरलेला वाडा. घरोघरच्या म्हाताऱ्यांनी हेच केले होते रे. आमचा मोठा तेवढा मोकळा, कारण तो पाटावर मावतच नाही. त्याला खंडेनवमीचा हार घातला की झाले. पडवीवर बसायला जागा नव्हती. मामी कुरकुरत होती, पण कप पाहुण्यांचे काढले होते.

दसऱ्याला विसर्जन झाले. प्रत्येकाने आपापला लॅपटॉप पिशवीत घातला, आणि कालपासून पुन्हा मांजर. तेव्हा कृपा कर आणि पार्सेत यापुढे एकही विकू नकोस.

तुझ्या आईला नमस्कार. तिला म्हणावे, भाऊ अजून आहे.

तुझा मामा,
गोकुळदास

ता. क. तुझ्या दुकानाशेजारी भटजी राहतात ना? सरस्वती दसऱ्याला न उठवता दिवाळीपर्यंत बसवली तर शास्त्राची हरकत आहे का, ते विचार. माझे नाव सांगू नकोस.

आणखी एक. मोठा काल सकाळपासून सुरू होत नाही. कोणाला बोललेलो नाही, रुमाल घालून ठेवला आहे. कुठे जुना भाग मिळाला तर घेऊन ये. पण त्याच्या बदल्यात छोटा आणू नकोस. मग पुढच्या वर्षी मलाही तो पाटावर ठेवावा लागेल, आणि लोकांनी यायचे कुठे?