हेडलाइटमागचा भाडेकरू

ती. शकूताईस,

विश्रांतवाडीहून तुझ्या धाकट्या भावाचा, दशरथचा, जयभीम. तुझे गुडघे जिना चढू देतात का? दाजींचा खोकला उतरला असेल असं धरून चालतो (नसेल तर बिडी सोडल्याशिवाय तो उतरायचा नाही, हे त्यांना माझ्या नावानं सांग). तू येरवड्यात, मी इथे, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर बोललं की कांता स्वयंपाकघरातून ऐकते, आणि हा मजकूर बायकोच्या कानावर जाण्यासारखा नाही. म्हणून कागद.

ताई, मी हादरलोय. येत्या शनिवारी संध्याकाळी दीक्षाचे होणारे सासू-सासरे नागपूरहून विमानानं येताहेत आणि त्यांना आणायला आपल्याच गाडीतून जाईन, असं मी चारचौघांत बोलून बसलोय. गाडी जुनी आहे (दीक्षा बालवाडीत असताना घेतलेली), पण शब्द म्हणजे शब्द. नेमके आत्ताच तिचे हेडलाइट गेले. धड गेलेही नाहीत. डावा मिणमिणतो, आणि हॉर्न दाबला की उजवा विझतो. आता पुण्यात हॉर्न न वाजवता गाडी न्यायची, तर ती ढकलतच न्यावी लागेल.

बल्ब बदलले, फ्यूज बदलला. सोसायटीतल्या एका जाणकारानं काचा पिवळ्या पडल्यात, टूथपेस्टनं घासा म्हणून सांगितलं, तेही केलं. गाडीला पुदिन्याचा वास यायला लागला, उजेड होता तेवढाच. कांता दारातून म्हणाली, "आता चूळ भरायला लावा." (तिच्या अशा बोलण्याकडे मी लग्नापासून दुर्लक्ष करत आलोय.)

शेवटी वायरिंगवाले रंगराव आले. हे गृहस्थ कमी बोलतात, आणि जे बोलतात तेही बोलले नसते तर बरं, असं वाटतं. त्यांनी बॅटरी बघितली आणि अर्थिंग गेलंय असं छातीठोक सांगून निम्मी गाडी खोलली. अर्थिंग शाबूत निघालं. मग हेडलाइट बाहेर काढून त्यांनी मागच्या पोकळीत हात घातला, आणि घातला त्याहून लवकर बाहेर घेतला.

आत उंदीर, ताई. सहकुटुंब. हेडलाइटच्या आणि हॉर्नच्या वायरी सोलून एकमेकींना टेकलेल्या, म्हणून इकडे हॉर्न वाजवला की तिकडे अंधार. आणि खाली अंथरायला माझी कानटोपी. तीच, जी हरवली म्हणून मी हिवाळाभर कांताला बोललो. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मला विचारल्याशिवाय इथे पाहुण्यांची स्कूटरसुद्धा उभी राहत नाही, आणि माझ्याच गाडीत ही बिनभाड्याची बिऱ्हाडं. मी टॉर्च मारला, तर त्यांच्यातला थोरला जागचा हलला नाही. माझ्याकडे असा बघत राहिला की मीच चुकीच्या घरात शिरलोय की काय, असं मला वाटलं.

रंगरावांनी वायरी जोडल्या आणि तंबाखूची पानं ठेवा, वासानं पळतील, असं सांगून गेले. सकाळी बघतो तर पानं गायब आणि वायर पुन्हा तुटलेली. मी जन्मात सुपारीच्या खांडाला शिवलो नाही, आणि माझ्याच गाडीतले उंदीर व्यसनी निघावेत? रंगराव म्हणतात, वायरी कितीदाही जोडीन, पण खाणारा आत आहे तोवर उपयोग नाही. शनिवारी व्याह्यांना अंधारात बसवून आणलं, तर माझी काय शोभा राहील?

बाकी सर्व ठीक. दाजींना जयभीम.

तुझा,
दशरथ

ता. क. गेल्या पावसाळ्यात मी इथलं एक मांजर तुझ्याकडे आणून सोडलं होतं. (बोनेटवर झोपून पंजे उमटवायचं. मी ते हलवलं आणि कांतानं अबोला धरला.) तुझ्याकडे ते रिकामंच बसून असेल, तर शनिवारच्या आत पाठव. मी ते परत मागतोय असं मात्र समजू नकोस, ही तात्पुरती नेमणूक आहे. बोनेटवर झोपायला माझी हरकत नाही.

आणखी एक. कांताला यातलं काही कळू देऊ नकोस. मांजर आपल्या पायांनी परत आलं, असं मी तिला सांगेन. पत्र दीक्षा ऑफिसला जाता जाता देईल.

ताई, मी कांता. पत्र दीक्षानं आधी माझ्या हातात दिलं, लेक शेवटी माझी आहे. मांजर कुठे आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्याकडून रिक्षानं आणल्यापासून ते वरच्या मजल्यावर शेफालीकडे सुखात आहे, फक्त तुमच्या भावाच्या धाकानं ती त्याला दाराबाहेर सोडत नाही. गाडीची काळजी करू नका. व्याही संध्याकाळी नाही, सकाळच्या विमानानं येताहेत, मीच तसं सांगितलंय. तेव्हा घाई कसलीच नाही, आणि कानटोपीवरून मी हिवाळाभर ऐकून घेतलंय. यांचा फोन आला की एवढंच म्हणा, कांतानं हो म्हटलं की मांजर पाठवते.