मध्यंतराला रकाना नाही

३ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. ते हवेत की नकोत हे तू ठरव, मोठ्या बहिणीला लिहावेच लागतात.

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तुला आधी वाटेल, आईचं काही बरंवाईट झालं की काय. तसं काही नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला कोपऱ्याकोपऱ्यातली धूळ दिसायला लागली आहे, आणि ते संकट माझ्या एकटीच्या डोक्यावर आहे. फोनच केला असता, पण तुझा जुना नंबर लागत नाही आणि आईने दिलेला नवा नंबर जावईबापू उचलतात. मी तीनदा केला. तिन्ही वेळा तू अंघोळीला गेली होतीस. इतकी स्वच्छ तू कधीपासून झालीस?

मी अजून त्याच संस्थेत आहे. नवराबायको एकमेकांशी कसे बोलतात याचा अभ्यास अजून चालूच आहे. तू विचारायचीस ना, "ताई, लोकांची भांडणं बघायचा पगार मिळतो तुला?" मिळतो, बेताचाच. जोडपी येतात, त्यांना समोरासमोर बसवून पंधरा मिनिटं बोलायला लावतात, मग जरा मध्यंतर, मग पुन्हा पंधरा मिनिटं. सगळ्याचं चित्रण होतं. मी ते चित्रण आवाज बंद करून बघते आणि दर पाच सेकंदांना चेहऱ्यावर काय होतं ते रकान्यात मांडते: हसू, राग, तुच्छता, कंटाळा. शेजारच्या खोलीत मास्तर बसतात. ते शाळेतून निवृत्त झालेले, कानाला हेडफोन लावून नुसता आवाज ऐकतात आणि शब्द मांडतात. चेहरा आणि आवाज एकत्र कुणीच बघायचं नाही, नाहीतर एकाची छाप दुसऱ्यावर पडते, असा इथला नियम आहे. मास्तरांनी अकरा वर्षांत शेकडो जोडपी ऐकली, एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. म्हणतात, "बाई, बरंच आहे, रस्त्यात ओळख द्यावी लागत नाही."

बरं, गंमत ऐक. मागच्या आठवड्यात जावईबापू आमच्या कचेरीत आले होते. तुम्ही दोघं जानेवारीत आमच्याकडे येऊन गेलात म्हणे! मला कुणी सांगितलंच नाही. ज्यांचे गुण सगळ्यांत चांगले येतात त्यांना संस्था एक अभिनंदनाचं पत्र पाठवते, ते त्यांनी आपल्या चष्म्याच्या दुकानात चौकट करून लावलंय. काचेवर तडा गेला म्हणून पत्राची दुसरी प्रत हवी होती. सगळ्यांशी किती गोड बोलले. संचालिकाबाईंच्या चष्म्याची दांडी जागच्या जागी सरळ करून दिली. तुझी चौकशी केली तर म्हणाले, "मजेत आहे. तिला आता फारसं बाहेर पडावंसंच वाटत नाही."

तू आणि बाहेर पडावंसं वाटत नाही! म्हणून म्हटलं लिहावं.

जुन्या गोष्टीबद्दल आज काही लिहीत नाही. तुझं पहिलं ठरलेलं लग्न माझ्यामुळे मोडलं, हे मला रोज आठवतं एवढंच समज. जेवणाच्या टेबलावर बसून त्या मुलाने किती वेळा डोळे फिरवले ते मी मोजलं आणि आईला जाऊन सांगितलं. तो बिचारा नवीन लेन्सने हैराण झाला होता हे नंतर कळलं. तू म्हणालीस, "माझ्याकडे पुन्हा कधी त्या नजरेने बघू नकोस." ते मी पाळलं आहे.

दोन ओळी लिही. कशाही लिही.

तुझी,
ताई


२१ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. दोन ओळी मागितल्या तर दोन पानं आली. मी आईला वाचून दाखवलं, ती सुखावली. "बघ, किती समंजस झाली पोरगी," म्हणाली. तिचा जावई तिला आधीच गुणाचा वाटतो, आता तर विचारूच नकोस.

घराला नवीन रंग दिलात, खिडक्यांना जाड पडदे केलेत, नोकरी सोडल्यामुळे दोघांना एकमेकांसाठी वेळ मिळतो, सगळं वाचलं. नोकरी सोडलीस हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्या त्या ग्रंथालयातल्या बाई तर तुझ्यावर जीव टाकायच्या.

माझी खोड जात नाही, रागावू नकोस. तुझ्या पत्रात "आम्ही" एकोणीस वेळा आहे. "मी" एकदाच आहे, "मी मजेत आहे" या वाक्यात. हे मी थट्टेने लिहितेय.

पाकिटावरचा पत्ता जावईबापूंच्या अक्षरात होता. हेही तेच उघडत असतील तर त्यांना माझा नमस्कार सांग.

संस्थेत दुसरी फेरी सुरू होतेय. चांगले गुण मिळालेल्या जोडप्यांना पुन्हा बोलावतात. तुम्हाला ९ ऑक्टोबरला सकाळी दहाची वेळ दिली आहे, रीतसर पत्र येईलच. चित्रण मागच्यासारखंच. नंतर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसून प्रश्नावली भरायची. मी त्या दिवशी कदाचित रजेवर असेन, त्यामुळे अवघडल्यासारखं व्हायचं कारण नाही.

नक्की या. दोघंही या.

तुझी,
ताई


९ ऑक्टोबर, सकाळी

भिंगरी,

हे पान तुला प्रश्नावलीच्या तिसऱ्या आणि चौथ्या पानाच्या मध्ये मिळेल. मान खालीच ठेव आणि पेन्सिल हातात असू दे. या खोलीत कॅमेरा नाही, पण दाराला काच आहे. तो समोरच्या खोलीत आहे.

मी रजेवर नाही. मी तुझ्या पाठीमागच्या दाराबाहेर उभी आहे.

आधी माझं खोटं सांगते. तुम्ही येऊन गेलात हे मला कुणी सांगितलं नाही, असं मी लिहिलं होतं. तुझं चित्रण मीच बघितलं, फेब्रुवारीत. ओळखीचं माणूस पडद्यावर आलं तर चित्रण परत करायचं, असा नियम आहे. पडद्यावर तू आलीस, निळा शर्ट घालून, केस कापलेले, आणि मी ते परत केलं नाही. तुला बघून चार वर्षं झाली होती. आवाज बंद होता, तरी चालणार होतं मला.

आणि तू हसत होतीस. हसू, हसू, हसू, रकाने भरून गेले. खरं सांगते, मला आनंद झाला आणि रागही आला. वाटलं, बघा, माझ्यावाचून किती सुखात आहे. त्याहून वाईट म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं. पहिलं लग्न मोडलं ते भल्यासाठीच झालं, असं मनाशी म्हणत मी तुम्हाला सगळ्यांत वरचे गुण दिले. शेजारी मास्तरांनी लिहिलं होतं: सहमती, सहमती, सहमती. दोघांचे कागद जोडले गेले आणि चौकटीतलं ते पत्र तुझ्या नवऱ्याला मिळालं. त्याच्या हातात ते मी दिलंय, दुसऱ्या कुणी नाही.

तुझं दोन पानी उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारच्या सुट्टीत ते चित्रण पुन्हा लावलं. या वेळी आवाजासकट.

"आमच्यात वाद होतच नाहीत. झाला का गं कधी?" तो विचारतो.

"नाही."

"मागच्या महिन्यात मैत्रिणीकडे जाते म्हणालीस. मी म्हटलं, खुशाल जा. मग का नाही गेलीस?"

"मलाच नको वाटलं."

त्याचा आवाज तोच, दांडी सरळ करून देतानाचा. तुझं हसू त्याचा प्रश्न संपायच्या आधी सुरू होतं, भिंगरी. प्रत्येक वेळी. काय विचारणार ते तुला ठाऊक असतं आणि कोणतं उत्तर चालतं तेही. मी नुसतं हसू बघितलं, मास्तरांनी नुसता होकार ऐकला. दोघांपैकी कुणाचीच मांडणी चुकीची नव्हती, आणि आम्ही दोघं मिळून तुला त्याच्या स्वाधीन करून मोकळे झालो.

मग मध्यंतर आलं. त्याला फोन आला आणि तो बाहेर गेला. मध्यंतराला आमच्या कागदावर रकाना नाही, म्हणून ते आम्ही पळवतो. या वेळी मी पळवलं नाही. दार बंद झालं आणि तुझ्या चेहऱ्यावरचं हसू गळून पडलं. तू डाव्या हाताची बाही वर केलीस, दंडावरचे काळेनिळे वळ कॅमेऱ्याकडे धरलेस आणि सरळ माझ्याकडे बघत राहिलीस. मी मोजलं, चाळीस सेकंद. त्याची पावलं ऐकू आली तशी बाही खाली केलीस.

तू मुद्दाम आली होतीस. फोन त्याच्याकडे, पत्रं त्याच्याकडे, आईच्या मते तो देवमाणूस. म्हणून आपली बहीण जिथे दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे बघते तिथे तू त्याला घेऊन आलीस. त्याला वाटलं असेल, चला, कौतुक होईल. केवढी युक्ती लढवलीस! आणि मी फेब्रुवारीत बटण दाबून ते पळवलं. नियम होता, हे खरंच. पण खरं कारण ते नव्हतं. जेवायची वेळ झाली होती आणि मला भूक लागली होती.

आठ महिने तू माझी वाट बघितली असशील. त्याचं मी काय करू, मला समजत नाही. माफी मागायलाही लाज वाटते.

आता नीट वाच. संचालिकाबाईंना मी सगळं सांगितलं आहे. आधी त्या माझ्यावर भडकल्या, मग चित्रण बघितलं, मग चष्मा काढून ठेवला आणि आपली गाडी देऊ केली. माझी नोकरी बहुतेक जाईल, जाऊ दे. पाठीमागच्या दारातून जिना खाली उतरतो, खाली त्यांची गाडी उभी आहे. आपण आईकडे जायचं नाही, तो पहिल्यांदा तिथेच येईल. एका वकीलबाईंकडे जायचं, त्या वाट बघतायत. मास्तर त्याच्यासमोर बसून त्याला अडकवून ठेवतील. त्यांना मी जन्मात पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

यायचं नसेल तर प्रश्नावली भर, मी काही बोलणार नाही. मागच्या वेळी तुझ्या वतीने मी ठरवलं होतं, या वेळी ठरवणार नाही. पण यायचं असेल तर चप्पल, पर्स, काही शोधत बसू नकोस. नुसती ऊठ आणि मागे वळ.

ताई


दहा वाजून पस्तीस मिनिटं

वरचं सगळं आता निरुपयोगी आहे. तो एकटाच आला.

मला बघितल्यावर दचकला नाही. "अरे वा, ताई! रजेवर होता ना?" म्हणाला. तू कुठे आहेस विचारलं तर म्हणाला, "तिला जरा बरं नाही. झोपून आहे. दोन्ही प्रश्नावल्या द्या ना, तिचीही मीच भरतो. तिची सगळी उत्तरं मला पाठ आहेत." आणि हसला.

तुझ्या प्रश्नावलीतलं हे पान मी आधीच काढून घेतलं होतं; मीही हसून दोन्ही दिल्या. मास्तर त्याला एकेक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवतायत, शिवाय ऐकू येत नसल्याचं सोंग करून प्रत्येक उत्तर दोनदा विचारतायत. एकशे चाळीस प्रश्न आहेत. संचालिकाबाई पोलिसांना फोन करतायत. मी थांबले नाही.

हे गाडीत बसून लिहितेय, म्हणून अक्षर असं आहे.

दहा पन्नास. तुझ्या दाराशी आहे. बाहेरून कुलूप आहे. बेल वाजवली, हाका मारल्या, शेजारचं दार उघडून पुन्हा बंद झालं. आत पंखा चालू आहे, तेवढं ऐकू येतं. पोलीस निघालेत म्हणतात.

भिंगरी, बोलायची ताकद नसेल तर बोलू नकोस. उठता येत नसेल तर उठू नकोस. मी हे पान दाराखालून आत सरकवतेय. सरकत सरकत ये आणि जरासं ओढ, एवढंच कर. मी इथे जमिनीवर बसले आहे आणि दुसरं टोक मी सोडलेलं नाही.

ताई