उतार

३ ऑक्टोबर, सोमवार

पोचले एकदाची. बसने फाट्यावर सोडलं आणि तिथून पाऊण तास बॅग ओढत चढण. पन्नाशी उलटलेल्या बाईने चाकांच्या बॅगेवर विश्वास ठेवू नये. एक चाक वाटेतल्या दगडांत राहिलं, दुसरं माझ्यावर रुसलं. पण वर आले, समोर तो उतार दिसला आणि सगळं भरून पावलं. हुबेहूब. आमच्या शाळेत चित्रकलेच्या वर्गात तेवीस वर्षं ज्याच्या चित्राची छापील प्रत लटकते आहे, तोच. वरून निघालेली पांढुरकी वाट, मध्ये एक वळण, मग गवत, आणि अगदी तळाशी झाडांची काळी रांग. इथे राहून गेलेल्या थोरल्या चित्रकाराने शेवटची वीस वर्षं दुसरं काही काढलंच नाही. इथले लोक त्यांना नुसतं ‘थोरले’ म्हणतात.

आमचं चित्रकलेचं शिबिर त्यांच्याच घरात आहे. माझी खोली लहान, पण खिडकी उताराकडे. लोखंडी खाट, रंग सांडून सांडून नकाशा झालेलं टेबल, आणि उघडला की कुरकुरणारा नळ. घर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. माझ्याहून लहानच असतील. दारातच त्यांनी विचारलं, इथे उतरणार ना. मी म्हटलं, आता बॅगेची ही अवस्था पाहता दुसरीकडे कुठे उतरणार. त्या हसल्या नाहीत. टॉवेल दिला आणि गेल्या.

ही वही ताईने दिली आहे. रोज लिही म्हणाली, म्हणजे आल्यावर मला वाचून दाखवता येईल. सहा वर्षांपूर्वी तिची डावी बाजू गेली. तेव्हापासून ती खाटेवर आणि मी खाटेभोवती. औषधं, शाळा, कूस बदलणं, पुन्हा शाळा. तक्रार नाही. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई एकोणीसची. तिनेच मला वाढवलं. माझे ब्रश धुतले. परीक्षेच्या आदल्या दिवशी हातातून पेन्सिल काढून घ्यायची आणि म्हणायची, दमलीस ग, तू टेक जरा, मी बघते. काय बघणार होती कोण जाणे, तिला एक सरळ रेघ यायची नाही. पण मी टेकायचे.

आता बघायची पाळी माझी. या आठवड्यासाठी मात्र तिनेच मला घराबाहेर हाकललं. धाकटा भाऊ येऊन राहिला आहे. निघताना ताई म्हणाली, रोज फोन करून माझं डोकं खाऊ नकोस. मी रोज करणार आहे.

४ ऑक्टोबर, मंगळवार

आम्ही सहा जण आहोत. शिकवणारे सर माझ्या पहिल्या तुकडीतल्या पोरांच्या वयाचे असतील, पण हात चांगला आहे. कागद भिजवून फळीवर ताणून घ्यायचा, आकाश एका दमात, मग गवत. दिवसभर एकच उतार बघायचा आणि रेखाटायचा. रंगवायची वेळ दुपारी चारची, कारण थोरले चारचंच ऊन रंगवत.

एक गंमतशीर नियम आहे. वाटेच्या वळणावर नखाएवढी जागा कोरी सोडायची. तिथे रंग लावायचा नाही, आज नाही, शेवटच्या दिवशीही नाही. थोरले तसंच करत. का, ते सरांनी सांगितलं नाही, मी विचारलं तर ब्रश धुवायला निघून गेले. माझ्या शेजारी एक निवृत्त दंतवैद्य बसतात. त्यांना ती कोरी जागा बघवत नाही, हात शिवशिवतात म्हणाले, भोक दिसलं की भरायचं ही आयुष्यभराची सवय. मी हसले. पण माझं तरी काय वेगळं आहे. तेवीस वर्षं मुलांच्या कागदांवर लाल पेन्सिलीने एकच शेरा मारत आले आहे, जागा रिकामी सोडू नये.

संध्याकाळी हात खांद्यातून उचलेना. इथे कुणाची कूस बदलायची नाही, तरी आज पहाटे जाग आली आणि मी आपलं स्वतःचंच पांघरूण सारखं करत बसले. शीण काही घरी खुंटीला टांगून येता येत नाही. ताईशी बोलले. भावाने केलेल्या चहाला तिने पाणी म्हटलं आणि मला मूर्ख. तब्येत ठीक आहे असं समजायला हरकत नाही.

५ ऑक्टोबर, बुधवार

आज हातून एक आगळीक झाली.

चारच्या उन्हात सगळं छान जमून आलं होतं. बाकीचे चहाला गेले, मी कागदापुढेच बसून राहिले. डोळे मिटत होते. हात आपला सवयीने चालला असावा. भानावर आले तर ती कोरी जागा भरलेली. दोनच फटकारे. पाठमोरी बाई, जांभळा स्वेटर, डावा खांदा किंचित खाली, वाटेने उतरणारी.

ताई. चालणारी ताई. तिला उभी पाहून सहा वर्षं झाली होती. मी तिथेच बसून पोटभर रडले आणि मग फार हलकं वाटलं.

सरांनी पाहिलं तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. ओळखीचं कुणी आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. एवढीशी आकृती, तिची कसली ओळख, म्हणून मी नाही म्हटलं. चित्रकलेच्या बाईने शिबिरात नियम मोडला याचीच मला लाज वाटत होती. नाही म्हटल्यावर त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

संध्याकाळी भावाचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. ताईला उतार पडलाय म्हणाला. पाठ दुखत नाही, दुपारपासून एकदाही कण्हली नाही. चारच्या सुमारास डावं पाऊल हललं, त्याने डोळ्यांनी पाहिलं. मी फोन ठेवून खाटेवर पडले आणि न जेवता झोपले.

६ ऑक्टोबर, गुरुवार

नऊपर्यंत झोपले. अंग कापसासारखं झालं आहे. खांदे दुखत नाहीत, गुडघे दुखत नाहीत. आरशात पाहिलं तर पाच वर्षं लहान दिसते आहे. असा शीण उतरलेला मला आठवत नाही.

चित्र पाहिलं. ताई वळणावर नाही. वळणाच्या खाली आहे, पेराएवढी खाली. वळणावर कोरा कागद आहे, कधी रंग लागलाच नव्हता असा. आधी वाटलं, रंग ओघळला. पण ओघळला असता तर डाग राहिला असता, आणि ओघळाला खांदे नसतात. दंतवैद्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काल वर होती, म्हणाले. मग दिवसभर ते माझ्या शेजारी बसले नाहीत.

ताईशी फोनवर बोलले. आवाज गोड, लांबून आल्यासारखा. भूक नाही म्हणाली. मग म्हणाली, तळपायाला गवत लागतंय ग, गार आहे. मी विचारलं, कसलं गवत. ती हसली. सहा वर्षांत ती मला एकदाही मूर्ख म्हणायची विसरली नव्हती, आज विसरली.

इथे खरं लिहिते. ती वही वाचायला मागेल, तरी लिहिते. काल हलकं वाटलं ते ती चालली म्हणूनच नव्हे. ती माझ्याकडे पाठ करून चालली म्हणूनही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊ घाबरला आहे. चादर बदलायला तिला उचलली तर रिकामी उशी उचलल्यासारखी वाटली म्हणाला. गादीवर खळगा पडत नाही. डॉक्टर येऊन गेले. नाडी बरी आहे, कुठे दुखत नाही, म्हणजे सुधारणाच आहे म्हणाले.

चित्रात ती गवतात आहे. अर्धा उतार झाला.

मावशींना गाठलं. त्या भांडी पुसत होत्या, पुसत राहिल्या. त्यांची आजी थोरल्यांच्या घरी कामाला होती. थोरल्यांची बायको अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेली. थोरले सगळं करत, आणि मधल्या वेळात हा उतार रंगवत. एके दिवशी दमून त्यांनी वळणावर तिला काढलं. मावशी म्हणाल्या, आठवडा झाला नाही तो त्या उतरल्या. मला वाटलं त्या तापाबद्दल बोलताहेत. ताप उतरला का, असं मी विचारलं. मावशींनी फडकं खाली ठेवलं. ताप नाही म्हणाल्या, त्या उतरल्या. झाडांपर्यंत. खाटेवर नुसती चादर राहिली.

दिवाणखान्यातलं मूळ चित्र पाहून आले. तळाशी झाडांच्या कडेला एक तपकिरी ठिपका आहे. आम्ही वर्गात मुलांना तो दगड आहे असं शिकवतो. त्याला अंबाडा आहे.

त्यानंतर वीस वर्षं थोरले तोच उतार काढत राहिले. वळण कोरं सोडून. तिला वर यायला जागा असावी म्हणून. ती आली नाही.

८ ऑक्टोबर, शनिवार

निघायचं ठरवलं. सरांची गाडी सामान आणायला शहरात गेली आहे, उद्या संध्याकाळी येईल. फाट्यावर बसही उद्याच. तिथून घरी दीड दिवस. चित्रात ती झाडांपासून बोटभर राहिली आहे.

स्पंजने पुसून पाहिलं. गवत निघालं, आकाश निघालं, कागदाचा लगदा निघाला — ती निघत नाही. फाडायचं धाडस होत नाही. फाडलं तर काय फाटेल?

भावाचा फोन, अकरा वाजता. ताईचा चेहरा उतरलाय म्हणाला. मी म्हटलं, जेवली नसेल. नाही ग, म्हणाला, तसा नाही, उतरलाय. पाण्याने रंग उतरतो तसा. नाक कुठे आहे ते नीट — आणि तो रडायला लागला.

खऱ्या उतारावर जाऊन आले. कुणी नाही. वळणापासून गवत दबलेलं आहे, एका माणसाच्या रुंदीचं. डावं पाऊल जरा फरफटत गेलेलं.

सरांना सांगितलं, ओळखीची होती, माझी बहीण होती. ते खाली बसले. थोरल्यांना अखेरपर्यंत एकच टोचणी होती म्हणाले. वरून हाका मारून ती ऐकत नाही. वळणावर उभं राहून हाक मारावी लागते. थोरल्यांनी स्वतःला तिथे काढायला वीस वर्षं रोज ब्रश उचलला आणि रोज ठेवला.

माझी दमणूक कुठेच नाही. शोधून पाहिली. खांद्यात नाही, पाठीत नाही. ती सगळी तिच्या पाठीवर आहे, म्हणून तो खांदा इतका खाली —

९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी. भाऊ फोन उचलत नाही. एकदा उचलला. चादर सपाट दिसते आहे, एवढंच बोलला.

चित्रात तिचा एक हात झाडावर आहे.

चार वाजेपर्यंत थांबायला हवं. ऊन तेच हवं.

दंतवैद्यांनी माझा हात धरला. जाऊ नका म्हणाले. मी म्हटलं, भोक दिसलं की भरायचं. त्यांनी सोडला.

दुपारी चार

काढलं. दोन फटकारे. माझी साडी निळी, तेवढीच. चेहरा समोर करून काढला, खाली बघणारा.

वारा आहे. खोलीत नव्हता.

टेबलावर फोन वाजतो आहे. ऐकू येतो, पण टेबल वर आहे — वर, वाटेच्या पार वर, खिडकीच्या आत. वही हातात कशी आली कळलं नाही. तळपायाला गवत. गार आहे, खरंच.

हाक मारली. ताई. आवाज खाली जातो.

पुन्हा मारली.

थांबली. वळली. चेहरा आहे — नाक, डोळे, सगळं आहे. चढते आहे. डावा पाय ओढत, पण चढते आहे.

फोन थांबला. परत वाजतो आहे. भाऊ असेल. ती उठून बसली असेल. चहाला पाणी म्हणत असेल.

शेजारून गेली. थांबली नाही. खांद्यावर हात ठेवून गेली आणि माझे पाय खालच्या अंगाला वळले, उतारावर वळतात तसे आपोआप. म्हणाली दमलीस ग. तू टेक जरा, मी बघ—

वर बघायचं आहे. मान वळत नाही. झाडं जवळ — शीण सगळा उत