आपणहून गेली असं सांगू नकोस

कॉटनवुड फोर्ड, नेब्रास्का
११ मार्च २०१९

प्रिय मार्नी,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तू बरी असशील, आई बरी असेल आणि आयडाहोतलं बर्फ एव्हाना वितळायला लागलं असेल असं धरून चालते. माझी तब्येत उत्तम आहे. डावा गुडघा सोडून. तो गेली दहा वर्षं माझ्याशी बोलत नाही.

पाकिटावरचं तुझं अक्षर ओळखलं आणि ते दिवसभर तसंच फ्रीजवर ठेवून दिलं, हेही कबूल करते. पंचवीस वर्षांनी एखाद्याचं पत्र आलं की माणूस आधी कॉफी करतो.

तुझ्या बास्केटबॉल संघातल्या मुली विभागीय उपांत्य फेरीत पोचल्या ते मी पाहिलं. रात्री कॉम्प्युटरवर तुमचे सगळे आकडे बघते मी, आज नाही, बरीच वर्षं. तुझी ती उंच मुलगी चेंडू पकडल्यावर खाली का आणते? वर धरायला सांग. बघ, पहिल्याच पानावर चुका काढायला बसले.

आमचा हंगाम संपला. नऊ सामने जिंकले, एकोणीस हरलो. गेल्या वर्षी अकरा जिंकले होते. जिमचं छत अजून गळतं. सरावाच्या वेळी बादली नेमकी फ्री थ्रोच्या रेषेवर ठेवावी लागते आणि मुली तिला वळसा घालून धावतात. वळणं घेण्यात राज्यात आम्हाला तोड नाही, ती त्या बादलीमुळेच.

फेब्रुवारीत आमच्या क्रीडा संचालकानं, ट्रेंट ओबर्लीनं, गावच्या पेपरात सांगितलं की कोच ट्वेट यांच्यावर, म्हणजे माझ्यावर, कॉलेजचा पूर्ण विश्वास आहे. आपल्या धंद्यात याचा अर्थ काय होतो ते तुला सांगायला नको. त्याच संध्याकाळी मी किराणा दुकानात सामान बांधायला रिकामी खोकी मागायला गेले. चार मागितली होती, काउंटरवरच्या बाईनं सहा दिली.

ओबर्ली छत्तीस वर्षांचा आहे. पांढरे दात आणि त्याहून पांढरे बूट. वाईट नाही गं, फक्त तो कधीच हरलेला नाही, कारण कधी खेळलेलाच नाही. गेल्या आठवड्यात त्यानं मला बोलावून एक कागद पुढे केला. माझ्या निवृत्तीचं निवेदन. मी काय म्हणाले तेही त्यात तयार होतं. ‘बावीस वर्षांच्या आनंददायी प्रवासानंतर आता नातवंडांना वेळ द्यावा असं मला वाटतं.’ मार्नी, मी लग्न केलं नाही, मला मूल नाही. कॉलेजनं माझ्यासाठी नातवंडं कुठून पैदा केली देव जाणे. मी त्याला विचारलं की किती आहेत, वाढदिवस लक्षात ठेवायला बरं पडेल. तो हसला नाही. त्यानं पेन काढून नातवंडं खोडली आणि वर ‘बागकाम’ असं लिहिलं.

सही केली तर पुष्कळ काही मिळणार आहे. निरोपाचं जेवण, मुलींच्या हातात फुलं, आणि जिमच्या नव्या फरशीवर माझं नाव, दोन फूट उंच अक्षरांत. ट्वेट कोर्ट. वीस तारखेपर्यंत उत्तर हवं आहे. नाही केली तर यातलं काहीच नाही. मग ते मला सरळ काढणार.

तू लिहिलंस की कॉलेजनं माझ्या जागेसाठी तुला विचारलं आहे, आणि मी आपणहून जात असेन तरच तू येशील, कुणाला ढकलून त्याच्या खुर्चीत बसणार नाहीस. आणि विचारलंस, ‘तुम्ही आपणहून जात आहात का?’ प्रश्न वाचला. सरळ प्रश्न आहे. जागा चांगली आहे, मार्नी. घरं स्वस्त आहेत, लोक सामन्याला येतात, हरलो तरी पुढच्या वेळी पुन्हा येतात. मुली गुणी आहेत. तू यावंस असं मला मनापासून वाटतं. बाकीचं सावकाश बोलू.

आईला माझा नमस्कार. तिच्या हातच्या मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या मला अजून आठवतात.

तुझी,
आर्लीन ट्वेट


कॉटनवुड फोर्ड
२० मार्च २०१९

मार्नी,

माझं पत्र तू परत पाठवलंस. शेवटच्या पानाखाली लाल पेननं एकच ओळ: ‘कोच, उत्तर दिलं नाहीत.’ डावपेचांच्या वह्यांवर मी तुम्हा खेळाडूंना हेच लिहायची, त्याच रंगात. झोंबलं. झोंबायलाच हवं होतं.

तर उत्तर. नाही. मी आपणहून जात नाही.

आता पहिल्या पत्रात हे का लिहिलं नाही ते सांगते, आणि कुठेही थांबणार नाही, कारण थांबले तर पुन्हा छताबद्दल लिहायला लागेन.

मी सही करणार होते. पेनाचं टोपण काढून झालं होतं. फरशीवरच्या नावासाठी नाही, खोटं कशाला बोलू, थोडी त्यासाठीही. पण मुख्य म्हणजे तुझ्यासाठी. मला वाटलं, मी गुपचूप बाजूला झाले की तुला ही जागा मिळेल, आणि मग त्र्याण्णव सालच्या त्या दुपारचं ओझं माझ्या मानेवरून उतरेल. तुला न सांगताच उतरेल, हे त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं.

ती दुपार तुला आठवते तशी मला आठवते. तुला माझ्या तेव्हाच्या कॉलेजच्या संघात घ्यायला आले होते मी. कॉपर गल्चमधलं तुमचं स्वयंपाकघर, खिडकीत खाणीची चिमणी, तुझी आई ओपल रात्रपाळी करून आलेली आणि तरीही ओव्हनपाशी उभी. तू टेबलाखाली पाय हलवत होतीस. प्रत्येक आई विचारते तेच तुझ्या आईनं विचारलं. म्हणाली, “हिला तुमच्या भरवशावर पाठवते आहे मी. ही शिकून बाहेर पडेपर्यंत तुम्ही तिथे असाल ना?” माझ्या तोंडात घास होता. मी म्हणाले, “चार वर्षं मी कुठेही जात नाही.”

वर्षभरात गेले. तुमचं एक वर्ष संपलं आणि मला मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं आलं. तुला दुसऱ्या कॉलेजात जायचं असतं तर नियमानं वर्षभर बाकावर बसावं लागलं असतं. मला कसलाच नियम नव्हता. सोमवारी सोडलं आणि बुधवारी नव्या विद्यापीठाची टोपी घालून फोटो काढून घेतला. तुला ते रेडिओवर कळलं. तू तीनदा फोन केलास. मी निरोप टिपणाऱ्या यंत्राशेजारी उभी राहून तुझा आवाज ऐकला आणि उचलला नाही. नव्या कोचनं तुला खेळवलं नाही, दुसऱ्या वर्षी तू खेळणं सोडलंस. तरीही पुढे कोच झालीस, आणि त्याचं श्रेय मला नाही.

एवढं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते हे. त्या विद्यापीठाकडे माझा अर्ज मी तुमच्या गावातून टाकला होता. तुमच्या घरी यायच्या आधी, कोपऱ्यावरच्या टपालपेटीत, त्याच दुपारी. पाकीट चिकटवलं, गाडी वळवली आणि तुमच्या दारावर टकटक केली. त्या वर्षी त्यांनी दुसरीला घेतलं. ती टिकली नाही म्हणून पुढच्या वसंतात मला फोन आला. म्हणजे तुझ्या आईला उत्तर देताना, पुढे काहीतरी घडेल आणि मला जावं लागेल, असं काही नव्हतं. मी तेव्हाच जायला निघालेली होते. मी खोटं बोलले, तिच्या ताटातलं खाता खाता.

विद्यापीठानं तीन वर्षांत मला हाकललं. बरं केलं.

इथे आल्यापासून मी कुठल्याही स्वयंपाकघरात ‘चार वर्षं असेन’ म्हटलेलं नाही. मी म्हणते, “मी आपणहून सोडून जाणार नाही. कॉलेजनं काढलं तर माझा इलाज नाही.” आयांना हे आवडत नाही. त्यांना गोड उत्तर हवं असतं. या उत्तरापायी चांगल्या चांगल्या मुली हातच्या गेल्या, आणि ओबर्लीच्या तक्त्यात जे हरलेले सामने दिसतात त्यातले काही त्या पायीच आहेत. बावीस वर्षांत मला दोनदा मोठ्या कॉलेजांनी विचारलं. दोन्ही वेळा मी फोन ठेवला आणि मुलींचे घामट कपडे धुवायला टाकले.

गेल्या वर्षी यारेली ओचोआला संघात घ्यायला तिच्या घरी गेले होते. आई लुपे मांसाच्या कारखान्यात कापायच्या कामाला असते, बोटांना पट्ट्या. मक्याच्या उकडलेल्या तमालेंची वाफ, तीन पोरं टेबलाखाली. मी माझं वाक्य म्हणाले. लुपेनं ते दोनदा ऐकून घेतलं, यारेलीकडून अर्थ नीट समजून घेतला आणि म्हणाली, “हे चालेल. नवऱ्यापेक्षा बरं बोललात.”

आता सांग, त्या बाईला मी काय कळवू? बागकाम?

काल ओबर्लीकडे गेले. कागद टेबलावर, पेन कागदावर, सगळं मांडून ठेवलेलं, अंत्यविधीला मांडावं तसं. मी म्हणाले, “ट्रेंट, मी सही करणार नाही. मला काढ.”

त्यानं मला समजावलं. माझा मान, माझा वारसा, लोकांच्या मनातली प्रतिमा. बावीस वर्षं इथे काढून शेवटी काढून टाकलेली म्हणून जाणार का, असं विचारलं. मी म्हणाले, “हो. तेवढंच तर मागते आहे.”

त्याला कळेना. बिचाऱ्याचा चेहरा पडला. म्हणाला, “तुम्हाला काढलं तर मार्नी कॉस्टेल्निक येणार नाहीत. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलंय. म्हणजे तुमच्या हट्टापायी त्यांचं नुकसान.”

हे त्यानं नेमकं दुखऱ्या जागी मारलं, त्याला कल्पना नसेल. मी म्हणाले, “मार्नीचं मी बघते. तू फक्त पत्रात ‘काढण्यात येत आहे’ असं लिही. ‘परस्पर संमतीनं’ नको. माझी संमती नाही.”

आज सकाळी पत्र मिळालं. तसंच लिहिलं आहे. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, त्या सुधारून मी एक प्रत परत दिली.

मग मुलींना जिममध्ये बोलावलं, बादलीभोवती. सांगितलं की मला काढलं आहे, मी राजीनामा दिलेला नाही, निवृत्तही झालेले नाही, आणि कुणी वेगळं सांगितलं तर ते खोटं आहे. दोघी रडल्या. एक भडकली आणि संचालकाच्या गाडीच्या चाकांबद्दल काहीतरी बोलली, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. यारेली मात्र रडली नाही. तिनं तिथेच फोन काढून आईला लावला. कारखान्यात जेवणाची सुट्टी होती. भराभर काहीतरी बोलली आणि फोन माझ्या हातात दिला.

लुपेनं विचारलं, “आपणहून?”

“नाही. काढलं.”

ती म्हणाली, “रविवारी जेवायला या. आता तुम्हाला वेळच वेळ आहे.”

फरशीवर माझं नाव येणार नाही, मार्नी. येऊ नये. गळक्या छताखाली दोन फूट अक्षरांत मला नाही भिजायचं. मला रविवारचं जेवण आहे.

आता तुझं. तुझी अट मी मोडीत काढते. तू मला ढकलून येत नाहीस. ढकलणारे त्यांचं काम करून मोकळे झाले, खुर्ची रिकामी आहे, आणि तू नाही आलीस तर त्यात कुणीतरी पांढऱ्या बुटांचा येऊन बसेल आणि दोन वर्षांत टोपी बदलून जाईल. या मुलींना तसला नको. तुला माझ्यावर राग असेल तर तो तसाच ठेव, तो तुझ्या हक्काचा आहे. त्याचा या नोकरीशी संबंध लावू नकोस. ओबर्लीला मी सांगितलं आहे की तुझ्याशी अजून बोलणं चालू आहे. आहेच की.

आलीस तर पहिल्या दिवशी पत्रकारांपुढे वाचायला तुझ्या हातात एक कागद देतील. त्यात ‘कोच ट्वेट यांनी थांबण्याचा निर्णय घेतल्यानंतर’ असं असणारच. त्यांना लागलेली खोड आहे ती. ते वाक्य वाचू नकोस. मुली पहिल्या रांगेत बसलेल्या असतील. यारेलीकडे बघ आणि खरं सांग.

आणि लोकांच्या स्वयंपाकघरात बसशील तेव्हा तोंडातला घास आधी गिळ, मग बोल.

हे पत्र ओपलला वाचून दाखव. टपालपेटीचा भाग गाळू नकोस. तिनं मला शिव्या दिल्या तर त्या जशाच्या तशा कळव. फक्त शेवटी तिला एवढं सांग की कोचला या वेळी हाताला धरून बाहेर काढावं लागलं.

नोकरीवरून काढलेली,
आर्लीन ट्वेट