येळवशीला गावी

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आलो. म्हणजे आणलं गेलो! काल दसऱ्याचं सोनं वाटलं अन् आज सकाळी ईट गाव सुटलं.

ही वही अर्पितानं दिली. "अण्णा, दिवसाला किती पाणी प्यालात ते लिहीत जा." पोरगी इथं पुण्यात कंपनीत आहे, वाघोलीतला हा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट तिनं भाड्यानं घेतलाय. पाण्याचं काय लिहायचं? दिवसाला एक तांब्या, तोही बायको, सत्यभामा, मापून देते. सगळा जन्म टँकरमागं घागरी घेऊन पळण्यात गेला. आता नळ फिरवला की पाणी, तर प्यायची बंदी! देवाला पण चेष्टेला मीच सापडलो.

दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळ, गुरू, शनि — तीन वार मशीनवर पडून रक्त धुऊन घ्यायचं. ईटहून बार्शीला जात होतो. सप्टेंबरात पुलावर पाणी आलं, एक वार चुकला, अंग सुजून श्वास कोंडला. मग पोरगी न्यायलाच आली. मशीन सोडलं तर आठ-पंधरा दिवस, असं डॉक्टर तोंडावर बोलला. खव्याची भट्टी धाकट्या भावाच्या, श्रीनाथच्या हवाली केली. माझ्या भट्टीचा खवा पार हैदराबादला जायचा.

४ ऑक्टोबर, शनिवार

खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते. बास.

७ ऑक्टोबर, मंगळवार

शेजारच्या खाटेवर एक ओळखीचा आवाज. म्हणजे माणूस अनोळखी, पण बोलणं आपल्याकडचं! "कुठलं म्हणायचं गाव?" म्हणालो, ईट. "खव्याचं ईट? व्हय का! आमी ढोकीचं." गुलाबराव नाव. साखर कारखान्यात जन्म गेला, आता मुलाकडं खराडीला असतात. चार तास उसाच्या गप्पा मारल्या. सुया कधी टोचल्या, कळलंसुद्धा नाही.

घरी येऊन दोनदा उकळून पाणी फेकलेली भाजी खाल्ली. कागद चावल्यासारखी लागते. सत्यभामा समोर बसून तेच खाते. मी म्हणालो, तू कशाला? तर म्हणाली, "दोन भाज्या कोण करत बसंल?"

१२ ऑक्टोबर, रविवार

सत्यभामेची काळजी वाटते. गावाकडं तिला पहाटे खोकल्याची उबळ यायची, सगळी आळी जागी व्हायची. इथं एकदाही ऐकली नाही. माझी झोप मोडू नये म्हणून दाबून धरत असणार बिचारी. दुपारची झोपते पण! लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, तिला कधी दुपारी आडवं झालेलं बघितलं नव्हतं. माणूस मनानं खचलं की असं होतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मशीन. पाय वळले. ओरडलो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन, अन् मी मशीनवर! दिवाळीत आमच्या भट्टीला श्वास घ्यायला सवड नसायची. दुधाच्या कॅन दारात, चारही चुली पेटलेल्या, कढयांपुढं सत्यभामा अन् दोन बाया. मी गिऱ्हाईक सांभाळायचो, तोंडानं. पारंड्याचे, बार्शीचे पेढेवाले ओट्यावर बसलेले. "उत्तरेश्वरशेठ, आधी आमचा माल काढा!" शेठ म्हणायचे मला. इथं नर्स म्हणते, "काका, वजन करा."

संध्याकाळी श्रीनाथला फोन लावला. म्हणतो, "दादा, खवा खाली लागतोय. कसं करू?" मी म्हणालो, आच कमी ठेव. तो म्हणाला, "वैनीला द्या की फोन." सत्यभामा दिवे लावत होती. हातानंच नाही म्हणाली. आवाज ऐकला असता तर रडली असती, म्हणून घेतला नसेल.

२ नोव्हेंबर, रविवार

नगर रोडला जाऊन उभा राहिलो. आमच्या तालुक्याची, 'भूम' पाटीची एसटी आली, थांबली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं — "येताय का मामा? चला पटदिशी!" मी नुसतीच मान हलवली. त्यानं घंटी मारली. गाडीच्या मागच्या काचेवर आपल्याकडचा चिखल वाळलेला होता. दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. मग रिक्षावाल्यानं शिवी हासडली, तेव्हा बाजूला झालो.

घरी सत्यभामा नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या तारामतीबरोबर तुळशीबागेत गेली म्हणे. सिटी बसनं! येताना पायात नव्या चपला अन् हातात मोगऱ्याचा गजरा. मी विचारलं, करमत नाही ना इथं? ती म्हणाली, "आता काय करायचं, आलं ते आलं." गजरा मात्र माळला. मन मारून राहते बाई, दुसरं काय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गुलाबराव आज मशीनवर पडल्या पडल्या म्हणाले, "शनिवारपासून म्या येणार न्हाय." मला वाटलं, दवाखाना बदलताहेत. तर म्हणाले, "ढोकीला चाललो. विहाराम्होरं पिंपळ हाय, तितं खाट टाकायची. लई झालं हे." मुलगा? "रडला. मग गाडी बघतो म्हणला." मी त्यांच्या हातातल्या सुईकडं बघत राहिलो. निघताना माझ्या पायाला हात लावून गेले. माझ्याहून वयानं मोठे!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शेजारच्या खाटेवर कॉलेजातली पोरगी. कानात वायरी घालून डोळे मिटून.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गुलाबरावांच्या मुलाचा फोन आला. सोमवारी गेले. "शेवटपर्यंत बोलत हुते काका. पिंपळाखालीच. पाणी मागतील तेवढं दिलं."

मागतील तेवढं पाणी! मरणाचं काही वाटलं नाही. पण त्या पाण्याचा हेवा वाटला. खरंच वाटला. लिहायला कसली लाज?

४ डिसेंबर, गुरुवार

ठरवलं. येळवस एकोणीसला, शुक्रवारी आहे. गुरुवारी मशीन झालं की निघायचं, शनिवारच्या मशीनला परत — असं सगळ्यांना सांगायचं. मी परत येणार नाही.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला, अख्खं गाव रानात असतं. गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. कडब्याची खोपी, म्हणजे कोप, उभी करायची, पाच दगडांचे पांडव पुजायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी रांधायची, रानभर आंबील शिंपडायची अन् वाटेनं जाणारा दिसेल त्याला हाळी घालायची. जेवायला या म्हणून! ओळख असो नसो. तो दिवस बघून मग काय व्हायचं ते होऊ दे.

यात माझा एकट्याचा स्वार्थ नाही. सत्यभामेला माझ्यापायी किती दिवस या पेटीत कोंडायचं? तिथं तिचं घर आहे, भट्टी आहे, चार माणसं हाका मारणारी आहेत. मी सुटलो की ती पण सुटेल. इथं ती गावाचं नावसुद्धा काढत नाही. जखमेवरची खपली कोण काढेल?

११ डिसेंबर, गुरुवार

अर्पिता तयार झाली. गाडी केली. "पण अण्णा, पथ्य! आंबील नाही, भज्जी नाही!" व्हय म्हणालो. सत्यभामा भांडी घासत राहिली. मी म्हणालो, येळवशीला चाललोय, आनंद नाही का? "चाललोय की," म्हणाली.

तारामती संध्याकाळी आली होती. ती म्हणाली, "वहिनी, शुक्रवारी आपल्याला बागेत भजनाला जायचं होतं." सत्यभामा म्हणाली, "शनिवारी येते मी. तोवर माझी जागा धरून ठेवा." तिला कुठं माहीत आहे!

१८ डिसेंबर, गुरुवार

मशीनवरून उठताना नर्सला म्हणालो, "येतो हं पोरी." ती म्हणाली, "शनिवारी उशीर करू नका." हसलो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

रानात बसून लिहितोय. कोपेच्या सावलीत. ज्वारी कमरेला आली, हरभऱ्याला घाटे धरताहेत. सप्टेंबरच्या पाण्यानं खालचा बांध नेला, तरी रान हसतंय. बांधावर श्रीनाथ ओरडतोय — "ओ पाव्हणं! जेवल्याबिगर जायचं न्हाय!" मोटारसायकलवरचे दोघं खरंच उतरले. भूमला चालले होते, बसले जेवायला. आपलं गाव हे असं आहे!

लोक भेटायला आले. "शेठ, वाळलात की वो!" कुणी रडलं, कुणी चेष्टा केली. मला दोन्ही गोड लागलं. सगळ्यांची पाठ बघून गाडग्यातली पेलाभर आंबील घटाघटा प्यालो. सत्यभामेनं चुलीपासून बघितलं. ओरडली नाही. मीच घाबरलो.

भज्जी गरम करता करता तिला उबळ आली. तीच, जुनी. वाकून वाकून खोकत होती. दोन अडीच महिन्यांत पहिल्यांदाच ऐकली. श्रीनाथची बायको सिताबाई पाणी घेऊन धावली. जरा बरं वाटल्यावर श्रीनाथ म्हणाला, "वैनी, सकाळी भट्टीवर येऊन जावा. दिवाळीपासनं माल बिघडतोय. पेढेवालं इचारत्यात, वैनी कवा येनार म्हणून. तुमच्या हाताबिगर न्हाय व्हायचं." बघा! तिच्यावाचून अडलंय सगळं. माझा विचार एकदम पक्का झाला. तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, ती पदरानं तोंड पुसत होती.

ऊन उतरलंय. बाया पाटी-दुरडी आवरताहेत. ती एकटी दिसली की सांगतो.

२० डिसेंबर, शनिवार

मशीनवर आहे. पुण्यात. नर्स उशिराबद्दल रागावली.

काल सांगितलं. मी राहतो, तूही राहा, आता हाल पुरे. ती खाली बसली. पहिल्यांदा वाटलं रडते. रडत नव्हती. म्हणाली, "पोरगी आज ना उद्या लग्न करून जाईल. तुमी हाय म्हणून म्या पुण्यात हाय. तुमचं काय झालं की भाऊजी गाडी घिऊन येतील, अन् मला परत कढईम्होरं उभं ऱ्हावं लागंल, मरूस्तोवर. मला न्हाय यायचं वो हितं परत. लई धूर खाल्ला." मग माझा दंड धरला. सुया टोचतात तोच. "थोडं जगा की माझ्यासाठी."

एकोणतीस वर्षांत तिनं मला काही मागितल्याचं आठवत नाही.

पुढचं मशीन मंगळवारी.