आईच्या दोन बोटांची खूण

प्रिय अंगददादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. राग आलाय, लई आलाय, आणि तो गिळून गोड लिहिणं मला जमणार नाही.

आईच्या नावाच्या 'रतन घोंगडी'चं चिन्ह मी तुला फुकट करून दिलं, त्याची तक्रार नाही. पुण्यात परक्या कंपन्यांची चिन्हं करून पोट भरते, घरच्या कंपनीचं हौसेनं केलं. आई मेंढरांच्या पाठीवर गेरूनं ओढते त्याच दोन रेघा, खाली ठिपका. तिची बोटं कागदावर ठेवून रेघेची जाडी घेतली मी! मग बावीस पानांची नियमांची पुस्तिका केली. रंग गेरूचाच, रेघा तिरप्या करायच्या नाहीत, भोवती जागा मोकळी सोडायची. तू चिन्ह सोनेरी केलंस, बॅनरवर त्याला खेटून स्वतःचा हसरा फोटो लावलास. मी कपाळावर हात मारला आणि तेही चालवून घेतलं. पण पहिल्याच पानावर ठळक ओळ होती: आपल्या मेंढरांच्या लोकरीच्या घोंगडीशिवाय ही खूण कशावरही लावायची नाही. तेवढी तरी वाचायचीस!

आठवतं, आपल्या कळपात एक बिनखुणेचं कोकरू शिरलं होतं? तू गेरू घेऊन धावलास. आप्पांनी तुझा हात धरला आणि ते कोकरू खांद्यावर टाकून मालक शोधत पार युसूफ वडगावपर्यंत चालत गेले. असल्या बापाच्या लेकाला हे मी शिकवायचं?

परवा आईचे डोळे दाखवून मी आणि ती बीडहून नांदूरघाटला घरी परत येत होतो. मांजरसुंब्याला चहाला थांबलो. शेजारच्या दुकानात गिरणीतल्या, प्लास्टिकच्या धाग्याच्या ब्लँकेटांची थप्पी आणि प्रत्येकावर आपली खूण, तुझ्याच सोनेरी रंगात. आईनं एक उचललं, अंगठ्यानं चोळलं, वास घेतला. दुकानदार म्हणाला, "घ्या मावशी, अस्सल हाय. रतनबाईची घोंगडी." तिनं ते घडी करून जागेवर ठेवलं. चहा तसाच राहिला.

हे पत्र मात्र आज सकाळमुळे लिहितेय. आईनं गेरू कालवला, एकेक मेंढरू धरून जुनी खूण ओल्या हातानं पुसली आणि नवी काढली. मग मला म्हणाली, "अंगदला कळव. जुनी त्याला ठिवू दे. त्या खुणेचं जनावर आता माझ्या कळपात न्हाई." नवी खूण कशी आहे, हे तुला लिहायचं नाही, असं तिनं मला बजावलंय.

तुझीच, अजून तरी,
तेजश्री